बोरच्या पाण्यावर गिझर दोन हिवाळ्यांत का बंद पडतो: काय तपासायचं, कधी थांबायचं, कधी बदलायचा

गिझर उघडायच्या आधी लक्षणं नीट पाहा. निम्मं निदान तिथेच होतं.

- दिवा लागत नाही, पाणी थंड: वीज गिझरपर्यंत पोचत नाही, नाहीतर आतला कटऑफ (पाणी फार तापलं की वीज तोडणारा स्विच) पडला आहे.
- दिवा लागतो, अर्धा तास झाला तरी पाणी थंड: बहुधा कॉइल तुटली आहे.
- पाणी तापतं, पण पूर्वी वीस मिनिटं लागायची तिथे आता पाऊण तास: व्होल्टेज कमी आहे किंवा कॉइलवर क्षाराचा थर बसला आहे.
- तापताना आतून खदखद, तडतड असा आवाज: क्षार.
- एक बादलीही भरत नाही तोच पाणी कोमट: टाकीच्या तळाशी गाळ, किंवा मिक्सर नळातून थंड पाणी मिसळतंय.
- सेफ्टी वाल्व्हमधून टपटप: कधी नैसर्गिक, कधी बिघाड. फरक खाली सांगितला आहे.
- गरम पाण्यातून लालसर गंज येतो: बहुधा टाकीचा मॅग्नेशियम रॉड संपला आहे.
- नळाला हात लावला की मुंग्या येतात: इथेच थांबा. एमसीबी (भार किंवा दोष आला की आपोआप पडणारा बोर्डावरचा स्विच) पाडा, प्लग काढा आणि वायरमन येईपर्यंत त्या न्हाणीत कुणालाही जाऊ देऊ नका.

गिझरमधली जवळपास प्रत्येक वस्तू बदलता येते: कॉइल, थर्मोस्टॅट, कटऑफ, गॅस्केट, वाल्व्ह, मॅग्नेशियम रॉड. आतली टाकी मात्र बदलत नाही. टाकी गेली की गिझर गेला. आपल्याकडे भंगारात जाणाऱ्या कित्येक गिझरची टाकी चांगली असते आणि गेलेली असते फक्त कॉइल. उलटही घडतं. तीन-तीन कॉइली बदलल्या जातात, पण रॉडकडे कुणी बघत नाही, आणि शेवटी टाकीच सडते. चांगल्या पाण्यावर टाकीचा गिझर आठ-दहा वर्षं सहज चालतो. बोरच्या पाण्यावर देखभाल नसेल तर चार-पाच वर्षांतच टाकीला भोक पडतं.

पाणी कोणतं, ते आधी ओळखा

विदर्भात दोन प्रकारचं पाणी गिझरला खातं आणि दोन्हीची खायची तऱ्हा वेगळी आहे. काळ्या पाषाणातल्या बोरचं पाणी जड असतं. ते तापलं की त्यातला विरघळलेला चुना पांढरी खपली होऊन कॉइलवर बसतो. खपलीतून उष्णता नीट जात नाही, कॉइल आतल्या आत तापते आणि जळते. पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाणा जिल्ह्यांच्या खारपाणपट्ट्यात, पाणी खारं असतं. तिथे खपलीपेक्षा गंजाचा धोका मोठा. क्लोराइड धातूला बारीक टाचणीएवढी भोकं पाडतं आणि मॅग्नेशियम रॉड झपाट्याने झिजतो.

तांब्याच्या बंबात हा थर वरून डोकावलं की दिसतो, आणि चिंच-मीठ लावून घासता येतो. गिझर बंद पेटी असल्यामुळे आत काय साचलं ते कळत नाही. पाणी तपासणीचा अहवाल ग्रामपंचायतीत किंवा जलसुरक्षकाकडे मिळू शकतो. नसेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना देता येतो. दोन आकडे बघा, एकूण कठीणता आणि क्लोराइड. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगली धरतात, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. क्लोराइडसाठी हेच आकडे २५० आणि १००० आहेत. कठीणता ६०० च्या वर असेल तर वॉरंटी कार्ड बारकाईने वाचा. अनेक कंपन्या तिथे पाण्याच्या जडपणाची मर्यादा घालतात.

फुकटातली पहिली तपासणी: बटण, प्लग, एमसीबी

२ किलोवॅटचा गिझर २३० व्होल्टला सुमारे ८.७ अँपिअर ओढतो. त्याला १६ अँपिअरचं सॉकेट, जाड तीन पिनांचा प्लग आणि २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर लागते. जुन्या घरात तो पुष्कळदा ६ अँपिअरच्या साध्या बोर्डावर कन्व्हर्टर लावून चालवलेला असतो. गिझर पंधरा मिनिटं चालू द्या, मग बटण बंद करून प्लग काढा आणि पिनांजवळ हात न्या. कोमट असतील तर ठीक. चटका बसत असेल, प्लास्टिक तपकिरी झालं असेल किंवा जळका वास येत असेल, तर दोष गिझरमध्ये नसून सॉकेटमध्ये आहे. सॉकेट आणि प्लग दोन्ही बदला. एकच बदलला तर जुना नव्यालाही जाळतो.

एमसीबी पुन्हा पुन्हा पडत असेल तर मोठी एमसीबी बसवू नका आणि किटकॅटमध्ये (जुन्या फ्यूजमध्ये) जाड तार घालू नका. ती पडते आहे म्हणजे आत कुठेतरी दोष आहे. तो झाकला की वायर पेटते.

दुसरी: व्होल्टेज

इथे घाई झाली की चांगला गिझर बदलला जातो. रब्बीचं ओलित सुरू झालं, हरभऱ्या-गव्हाला पाणी द्यायला वावरातल्या मोटरी चालू झाल्या, की डीपीवरचा (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा) भार वाढतो आणि गावातलं व्होल्टेज उतरतं. नेमक्या त्याच गारठ्यात सकाळी घरोघरी गिझर लागतात. कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून थोडं व्होल्टेज कमी झालं तरी फटका मोठा बसतो:

- २३० व्होल्टला २००० वॅट. १५ लिटर पाणी १५ अंशांवरून ५५ वर यायला सुमारे २१ मिनिटं.
- १८० व्होल्टला जेमतेम १२२५ वॅट. तेवढ्याच पाण्याला सुमारे ३४ मिनिटं.
- १६० व्होल्टला ९७० वॅटच्या आसपास. सुमारे ४३ मिनिटं.

२५ लिटरच्या गिझरला २३० व्होल्टलाच ३५ मिनिटं लागतात, १८० ला जवळजवळ तासभर. गिझरमध्ये काहीही बिघडलेलं नसताना हे होतं.

साधा डिजिटल मल्टीमीटर घ्या, एसी ७५० व्होल्टच्या खुणेवर ठेवा आणि शेजारच्या सॉकेटमध्ये मोजा. आधी गिझर बंद असताना, मग चालू असताना. पाच-सात व्होल्टचा फरक चालतो. वीस-पंचवीस उतरत असतील तर खांबापासून मीटरपर्यंतच्या किंवा घरातल्या वायरचा एखादा जोड सैल आहे, नाहीतर वायर बारीक आहे. गिझर बंद असतानाच १८० दिसत असेल तर प्रश्न डीपीचा आहे, आणि त्यावर उपाय म्हणजे गिझर लवकर लावणं. नुसत्या गिझरसाठी स्टॅबिलायझर घेऊ नका. कमी व्होल्टेजने कॉइल खराब होत नाही, फक्त वेळ लागतो.

जास्त व्होल्टेज मात्र घातक. घरातले बल्ब एकाएकी लखलखले, पंखा वेगाने फिरायला लागला, तर डीपीचा न्यूट्रल सुटलेला असू शकतो. मेन स्विच लगेच पाडा आणि लाइनमनला कळवा. २८० व्होल्टला २ किलोवॅटची कॉइल जवळपास ३ किलोवॅट ओढते.

तिसरी: टाकीत पाणी आहे का

कॉइली जळण्याचं गावातलं मोठं कारण हेच. लाइन (वीज) नसली की मोटर चालत नाही, गच्चीवरची टाकी रिकामी होते आणि खालचा नळ उघडला की गिझरमधलं पाणीही उलटं ओढलं जातं. ते अडवणारा एकदिशा वाल्व्ह क्षाराने अडकलेला असेल तर टाकी अर्धी रिकामी होते. पहाटे लाइन येते, बटण तसंच चालू राहिलेलं असतं, आणि उघडी पडलेली कॉइल दोन-चार मिनिटांत जळते.

म्हणून रोज बटण लावायच्या आधी गरम पाण्याचा नळ उघडा. हवा न फुसफुसता सलग धार आली पाहिजे. लाइन गेली की बटण बंद करायची सवय घरातल्या प्रत्येकाला लावा.

एकदिशा वाल्व्ह तपासणं सोपं आहे. वरच्या टाकीचा कॉक बंद करा, गिझरच्या थंड लाइनवरचा खालचा एखादा नळ उघडा आणि गरम पाण्याचा नळही उघडा ठेवा. खालच्या नळातून लिटर-दोन लिटर येऊन थांबलं तर ते पाइपातलं पाणी. बादली भरत राहिली तर वाल्व्ह गेला. हा सुटा मिळतो आणि कॉइलपेक्षा स्वस्त असतो.

चौथी: टपकणारा सेफ्टी वाल्व्ह

पाणी तापलं की फुगतं. २५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर गेलं की साधारण ३५०-४०० मिलिलिटरने वाढतं. थंड लाइनला एकदिशा वाल्व्ह असल्यामुळे ते मागे जाऊ शकत नाही, म्हणून सेफ्टी वाल्व्हमधून थेंब-थेंब बाहेर पडतं. तापतानाच टपकत असेल आणि नंतर थांबत असेल तर काही बिघडलेलं नाही. खाली नळी लावून ते मोरीत सोडा.

गिझर थंड असतानाही टपकत असेल तर वाल्व्हच्या बैठकीत क्षाराचा कण अडकला आहे. गिझर बंद आणि गार असताना वाल्व्हची दांडी तीन-चार वेळा उचलून सोडा, धारेबरोबर कण निघून जातो. तरी थांबलं नाही तर वाल्व्ह बदला.

या वाल्व्हचं तोंड कधीही बंद करू नका. टपकतं म्हणून त्यावर बूच मारलेले गिझर सापडतात. थर्मोस्टॅट अडकला आणि हे तोंडही बंद असलं, तर वाफेला वाट उरत नाही आणि टाकी फुटते. उन्हाळाभर बंद राहिलेल्या गिझरच्या या तोंडात कुंभारीण माशी मातीचं घर करते, तेही हिवाळ्याआधी काडीने साफ करा.

पाचवी: थर्मोस्टॅट आणि कटऑफ

यापुढे झाकण उघडावं लागतं. एमसीबी पाडून आणि प्लग हातात आल्यावरच उघडा. नुसत्या बटणावर भरवसा ठेवू नका, कारण जुन्या वायरिंगमध्ये बटण पुष्कळदा न्यूट्रलवर बसवलेलं असतं आणि बंद करूनही आत फेज जिवंत राहतो.

कटऑफला लहान बटण असेल तर ते दाबा. टिक आवाज आला तर तो पडलेला होता. पण तो का पडला हे शोधायचंच: टाकी रिकामी तापली होती, किंवा थर्मोस्टॅट (पाणी ठरलेल्या अंशाला आलं की वीज तोडणारा) वेळेवर तोडत नाही. आठवड्यात दुसऱ्यांदा पडला तर थर्मोस्टॅट बदला. नवा मूळचाच घ्या, म्हणजे तेवढ्याच अँपिअरचा आणि तेवढ्याच लांबीच्या दांडीचा.

थर्मोस्टॅट "डायरेक्ट" करून देतो असं कुणी म्हटलं तर त्याच्याकडून काम करून घेऊ नका. पाणी तापल्यावर वीज कधी तोडायची हे ठरवणारं गिझरमध्ये मग काहीच उरत नाही.

फिरवायचा नॉब असेल तर ५५ अंशांच्या आसपास ठेवा. ६० च्या वर चुना फार वेगाने बसतो. पाणी कडकडीत तापवून त्यात थंड मिसळण्यात वीजही जाते आणि कॉइलही.

सहावी: कॉइल आणि मॅग्नेशियम रॉड

हाताने काम करायची सवय असेल तरच हे करा. प्लग काढलेला, पाणी पूर्ण गार. थंड पाण्याचा कॉक बंद करा, गरम नळ उघडा म्हणजे हवा आत जाईल, मग सेफ्टी वाल्व्हची दांडी उचलून किंवा खालचा जोड सोडून पाणी बादलीत उतरवा. २५ लिटरच्या गिझरखाली दोन बादल्या हव्यात. वायरी काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा. मग कॉइल जिच्यावर बसवलेली असते त्या चकतीचे नट समोरासमोरच्या जोड्यांनी सैल करा. चकती निघताना उरलेलं पाणी आणि चुन्याचा चुरा एकदम अंगावर येतो, डोळे सांभाळा.

कॉइलच्या दोन टोकांमध्ये मल्टीमीटरवर रोध मोजा. २००० वॅटच्या कॉइलला साधारण २६ ओहम दिसायला हवा, ३००० वॅटच्या छोट्या गिझरला १७-१८. आकडा आलाच नाही तर कॉइल तुटली. मग एक टोक आणि कॉइलची बाहेरची नळी यांत मोजा. इथे काहीच दिसायला नको. आकडा दिसला तर कॉइल अर्थ मारते आहे, झटका तिचाच. मात्र इथे काही दिसलं नाही म्हणून कॉइल निर्दोष ठरत नाही. विजेची बारीक गळती मेगरवरच (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवरच) कळते आणि ते वायरमनचं काम.

कॉइल चांगली आहे, फक्त पांढऱ्या थराने माखली आहे, तर प्लास्टिकच्या बादलीत लिटरभर कोमट पाण्याला ५०-६० ग्रॅम लिंबूसत्व या हिशेबाने द्रावण करा. टर्मिनल कोरडे राहतील अशी कॉइल तासभर बुडवून ठेवा. फेस यायचा थांबला की लाकडी काडीने खपली सोडवा. संडास साफ करायचं ॲसिड वापरू नका, ते कॉइलची नळीच खातं. हातोडीनेही ठोकू नका. नळीला सूक्ष्म तडा जातो, आत पाणी शिरतं आणि महिन्याभरात ती अर्थ मारायला लागते. टाकीच्या आत ॲसिड ओतायचंच नाही. तळाचा चुरा हाताने काढा आणि कॉक थोडा उघडून धुऊन टाका.

आता रॉड. टाकीच्या आतल्या संरक्षक लेपाला कुठे बारीक चीर असली की पाणी लोखंडाला भिडतं. मॅग्नेशियम लोखंडापेक्षा लवकर गंजतं, म्हणून गंज आधी त्याच्यावर येतो आणि टाकी वाचते. जाडी निम्म्यावर आली असेल किंवा मधली लोखंडी तार दिसत असेल तर बदला. जाडी आहे पण वर टणक पांढरं कवच चढलं असेल, तर रॉड असूनही कामाचा नाही. कवच खरवडून बघा, निघत नसेल तर बदला. जड पाण्यावर वर्षातून एकदा, खारपाणपट्ट्यात सहा महिन्यांनी तो पाहायला हवा. विकत घेताना जुना रॉड सोबत न्या, आटे वेगवेगळ्या मापाचे असतात. दुकानात मिळाला नाही म्हणून त्या जागी नुसता नट लावून देणं म्हणजे टाकीवर पाणी सोडणं.

उघडलं की गॅस्केट नवीनच घाला. नट समोरासमोर थोडे-थोडे आवळा. आधी पाणी भरा, नळातून सलग धार येऊ द्या, दहा मिनिटं जोडाकडे बघा, आणि मगच बटण लावा.

कुठे थांबायचं

मुंग्या किंवा झटका, आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडणं, झाकणाखाली जळलेली वायर, सेफ्टी वाल्व्हमधून वाफ: या चारपैकी काहीही असेल तर स्वतः पुढे जाऊ नका, परवानाधारक वायरमन बोलवा. घराला धड अर्थिंग नसेल तर तेही त्याच्याकडूनच करून घ्या आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी टाकत राहावं लागतं. आपल्याकडची काळी माती वाळून भेगाळते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं.

गॅस गिझरचं झाकण घरी उघडूच नका. तो न्हाणीच्या आत लावलेला असेल तर दुरुस्तीआधी जागा बदला. बंद खोलीत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, आणि अंघोळ करता-करता माणूस बेशुद्ध पडतो.

बदलायचा कधी

गळती कुठून आहे ते कोरड्या फडक्याने पुसत शोधा. पाइपाच्या जोडातून असेल तर टेफ्लॉन टेप, चकतीतून असेल तर गॅस्केट. बाहेरच्या पत्र्याच्या खालच्या कडेतून गंजलेलं पाणी झिरपत असेल आणि जोड सगळे कोरडे असतील, तर आतली टाकी फुटली. वेल्डिंग किंवा एम-सील करून टिकत नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने आतला काचेचा थर तडकतो आणि शेजारी नवं भोक पडतं. इथे नवा घ्या. टाकी धड असेल तर सात वर्षांच्या गिझरलाही कॉइल घालायला हरकत नाही. वर्षात दुसरी कॉइल जळली तर तिसरी घालायच्या आधी एकदिशा वाल्व्ह आणि थर्मोस्टॅट तपासा.

नवा घेताना आयएसआय चिन्ह, म्हणजे आयएस २०८२, बघा. बादलीने अंघोळ करणाऱ्या चौघांच्या घराला १५ लिटरचा पुरतो. ६० अंशांचं १५ लिटर पाणी २० अंशांच्या पाण्यात मिसळलं की ४० अंशांचं ३० लिटर होतं, म्हणजे दोघांची अंघोळ. तेवढ्यात पुढच्या दोघांचं तापतं. खाऱ्या पाण्याला स्टीलच्या टाकीपेक्षा काचेचा किंवा पॉलिमरचा थर असलेली टाकी आणि काचेचा लेप असलेली कॉइल बरी.

भिंत तपासा. २५ लिटरचा गिझर पाण्यासकट ३५ किलोच्या पुढे जातो. मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या भिंतीत अँकर फास्टनर धरत नाही. आरपार बोल्ट घालून पलीकडून लोखंडी पट्टी लावा. बसवल्यावर झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने तीन तारखा लिहायची जागा ठेवा: बसवल्याची, रॉड पाहिल्याची, गॅस्केट बदलल्याची. होळीनंतर गिझर बंद करताना पाणी उतरवून टाका. खारं पाणी आठ महिने आत उभं राहिलं तर दिवाळीपर्यंत रॉड शिल्लक राहत नाही.